मोटार अपघातातील इजा आणि कॅलिफोर्नियाचे स्मॉल क्लेम्स कोर्ट

कॅलिफोर्नियात मोटार अपघातात जखमी झालेल्या माणसाला वकील न लावता, स्वतः न्यायाधीशापुढे उभे राहून भरपाई मागता येते. त्यासाठी प्रत्येक काउंटीच्या सुपीरियर कोर्टात स्मॉल क्लेम्स हा वेगळा विभाग असतो. राज्याने तो १९२१ साली कायद्याने सुरू केला, तेव्हा दाव्याची कमाल रक्कम ५० डॉलर होती. पुढे ही मर्यादा वाढत गेली. २००६ मध्ये ती ७,५०० डॉलर झाली, २०१२ मध्ये १०,००० आणि १ जानेवारी २०२४ पासून १२,५०० डॉलर. ही मर्यादा व्यक्तीसाठी आहे. कंपनी वादी असेल तर तिला ६,२५० डॉलरच मागता येतात. एखाद्या व्यक्तीला २,५०० डॉलरहून मोठे दावे एका कॅलेंडर वर्षात दोनदाच लावता येतात; अपघातग्रस्ताला मात्र या अटीची झळ सहसा लागत नाही.

भारतातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे इथे दोन संस्था येतील. मुंबई आणि पुण्यातली लघुवाद न्यायालये बव्हंशी घरमालक-भाडेकरूंच्या वादांत गुंतलेली असतात. रस्त्यावरच्या अपघाताची भरपाई मोटार वाहन कायदा, १९८८ खालील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागितली जाते. तिथे विमा कंपनी उघडपणे जाबदार असते आणि दोन्हीकडून वकील उभे राहतात. कॅलिफोर्नियाची पद्धत या दोन्हींहून निराळी आहे. सुनावणीत वकिलाला बोलायला परवानगी नाही, ज्यूरी नाही आणि दोन्ही बाजूंनी महिनोन्‌महिने कागदपत्रे मागवण्याची प्रक्रियाही नाही. विमा कंपनीला प्रतिवादी करता येत नाही. दावा ड्रायव्हरवर आणि गाडीच्या मालकावर लागतो. या सवलतींची किंमत वादीला चुकवावी लागते. स्वतः लावलेल्या दाव्यात हरल्यास त्याला अपील करता येत नाही. प्रतिवादीला मात्र तो हक्क असतो.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची मर्यादा आणि अपघाताचा कायदाही वेगळा आहे. टेक्ससमध्ये जस्टिस कोर्टाची मर्यादा २०,००० डॉलर, तर केंटकीत स्मॉल क्लेम्सची २,५०० डॉलर. न्यूयॉर्कमध्ये चूक कोणाचीही असो, औषधोपचाराचा आणि बुडालेल्या पगाराचा खर्च ५०,००० डॉलरपर्यंत त्या गाडीचीच विमा कंपनी देते. वेदनांची भरपाई मागायची तर इजा कायद्याच्या व्याख्येत बसेल इतकी गंभीर असावी लागते. त्यामुळे न्यूयॉर्कमधल्या किंवा टेक्ससमधल्या नातेवाइकाचा अनुभव सान होजेत उपयोगी पडत नाही. या प्रकरणातले नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. तिथे ज्याची चूक, त्याची भरपाई, हे तत्त्व चालते.

इजेच्या दाव्यांना वेगळी वागणूक

२०१२ मध्ये सर्वसाधारण मर्यादा १०,००० डॉलर झाली, तेव्हा कायद्यात एक अपवाद घातला गेला. दावा मोटार अपघातातल्या शारीरिक इजेचा असेल आणि प्रतिवादीच्या पॉलिसीत विमा कंपनीवर त्याचा बचाव करण्याची जबाबदारी असेल, तर मर्यादा आणखी तीन वर्षे, म्हणजे २०१४ अखेरपर्यंत, ७,५०० डॉलरच राहील. गाडीचा चेपलेला बंपर आणि चालकाची लचकलेली मान एकाच टकरीतली असली तरी त्यांच्या मर्यादा वेगळ्या झाल्या.

यामागचे कारण या कोर्टाच्या घडणीतच आहे. विमेदाराने हप्ता भरलेला असतो तो भरपाईसाठी आणि बचावासाठीही. दावा लागला की कंपनीने वकील द्यायचा, असा करार असतो. स्मॉल क्लेम्समध्ये वकिलाला दारच बंद असल्याने कंपनीला पैसे भरावे लागतात, पण आपल्या वकिलाकरवी बाजू मांडता येत नाही. फुटलेल्या दिव्याची किंमत गॅरेजचे बिल सांगते. मानेच्या दुखण्याची किंमत मात्र न्यायाधीशाच्या अंदाजावर ठरते आणि कंपन्यांना धास्ती असते ती याच अंदाजाची. १ जानेवारी २०१५ पासून हा अपवाद संपला. आज इजेचा दावाही पूर्ण मर्यादेपर्यंत लावता येतो. विमा कंपनीच्या हिताची एक तरतूद मात्र कायद्यात अजून आहे. तिचा उल्लेख अपिलाच्या संदर्भात पुढे येईल.

कोणती इजा इथे आणावी

बऱ्या झालेल्या किंवा बरी होण्याची मुदत डॉक्टरांनी सांगितलेल्या इजेसाठी हे कोर्ट उत्तम आहे. जिचा पुढचा प्रवास अजून कळलेला नाही अशा इजेसाठी ते धोक्याचे आहे. एकदा निवाडा झाला की त्याच अपघातातल्या इजेसाठी पुन्हा दावा लावता येत नाही. मार्चमध्ये ‘स्नायू दुखावला’ म्हणून ३,००० डॉलर घेतले आणि सप्टेंबरमध्ये एमआरआयमध्ये मणक्याची चकती सरकलेली निघाली, तर शस्त्रक्रियेचा खर्च वादीच्या गळ्यात पडतो. डोक्याला मार, हातापायात मुंग्या, भूल देऊन केलेली कोणतीही शस्त्रक्रिया किंवा सांध्याजवळचे हाड मोडणे, यांतले काहीही असेल तर आधी वैयक्तिक इजेच्या खटल्यांच्या वकिलाला भेटावे. हे वकील पहिल्या भेटीचे पैसे सहसा घेत नाहीत आणि फी मिळालेल्या भरपाईतून कापतात, साधारण एक तृतीयांश ते चाळीस टक्के. याच कारणाने ते चार-पाच हजार डॉलरचा दावा हाती घेत नाहीत. छोट्या इजेचा माणूस स्मॉल क्लेम्सकडे वळतो तो बहुतेकदा याच अडचणीतून.

दावा मर्यादेपेक्षा थोडा मोठा असेल, तर वरच्या रकमेवर पाणी सोडून इथे येता येते. १४,००० डॉलरचा दावा १२,५०० वर आणणे अनेकदा शहाणपणाचे ठरते, कारण १,५०० डॉलर वाचवण्यासाठी वकिलाला साडेचार हजारांहून जास्त द्यावे लागतील. ३०,००० डॉलरचा दावा इतका छाटणे मात्र चूक. मर्यादा प्रत्येक जखमी व्यक्तीसाठी स्वतंत्र असते. एकाच गाडीत पती, पत्नी आणि भेटीला आलेल्या सासूबाई असतील तर तिघांचे दावे वेगवेगळे मोजले जातात.

गाडीचे नुकसान आणि शरीराची इजा हे कॅलिफोर्नियाचा कायदा दोन स्वतंत्र हक्क मानतो. म्हणून गाडीच्या दुरुस्तीचे पैसे आधी घेतल्याने इजेचा दावा बुडत नाही. घेताना सही कशावर केली ते तेवढे तपासावे. गाडीच्या धनादेशासोबत आलेल्या कागदावर ‘सर्व दावे सोडले’ असे लिहिलेले असेल, तर इजेचा दावाही त्यात जातो. अशा करारनाम्यांत राज्याच्या दिवाणी संहितेतील कलम १५४२ चा हक्क सोडल्याचे वाक्यही हमखास असते. आज ठाऊक नसलेल्या इजेचा दावाही सोडला, असा त्याचा अर्थ. अपघातानंतर आठवड्याभरात विमा कंपनीचा दावे मिटवणारा अ‍ॅडजस्टर गोड आवाजात ५०० डॉलर देऊ करतो, तेव्हा त्याला हवी असते ती ही सही.

चूक कोणाची, किती

नुसती इजा झाल्याने भरपाई मिळत नाही. समोरचा निष्काळजीपणे वागला आणि त्यामुळेच इजा झाली, हे दोन्ही दाखवावे लागते. मागून ठोकर बसली असेल तर काम सोपे असते, कारण पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवणे हे मागच्या चालकाचे कर्तव्य आहे. डावीकडे वळणाऱ्याने समोरून येणाऱ्याला वाट द्यायची असते. लेन बदलताना झालेली टक्कर मात्र अवघड, कारण तिथे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि साक्षीदार नसेल तर पारडे हलत नाही. पुराव्याचा भार वादीवर असतो. दोन्ही बाजू सारख्याच पटल्या तर वादी हरतो.

वादीचीही थोडी चूक असली तरी दावा संपत नाही. १९७५ च्या ली विरुद्ध यलो कॅब या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी करण्याचे तत्त्व स्वीकारले. वादीची चूक ७० टक्के असेल तरी उरलेले ३० टक्के त्याला मिळतात. तेव्हा ‘तुमचीही चूक होती’ एवढ्या वाक्याने घाबरून दावा सोडण्याचे कारण नाही. किती चूक, हा खरा प्रश्न.

आणखी एक नियम नव्याने गाडी घेतलेल्यांना महागात पडतो. १९९६ मध्ये मतदारांनी प्रस्ताव क्रमांक २१३ मंजूर केला. त्यानुसार विमा न काढलेल्या गाडीचा मालक, किंवा विम्याविना गाडी चालवणारा, अपघातात पूर्ण निर्दोष असला तरी त्याला वेदनांची आणि मनस्तापाची भरपाई मिळत नाही. औषधांचा खर्च आणि बुडालेला पगार तेवढा मिळतो. अशा गाडीत केवळ प्रवासी म्हणून बसलेल्याला हा नियम लागू नाही.

रकमेचा हिशोब

भरपाईचे दोन भाग असतात. पहिला पावत्यांनी सिद्ध होतो: रुग्णवाहिका, इमर्जन्सी रूम, फिजिओथेरपी, औषधे, दवाखान्यात जाण्या-येण्याचा खर्च, कामावरून घेतलेल्या रजा. रजा आजारपणाच्या खात्यातून भरून निघाली असली तरी त्या दिवसांचा पगार मागता येतो. ती शिल्लक कर्मचाऱ्याच्या मालकीची होती आणि ती अपघातामुळे खर्ची पडली. दवाखान्याच्या बिलाबाबत मात्र सावध राहावे. अमेरिकेतले रुग्णालय ४,२०० डॉलरचे बिल छापते आणि आरोग्य विमा कंपनीकडून १,७०० घेऊन हिशोब मिटवते. २०११ च्या हॉवेल विरुद्ध हॅमिल्टन मीट्स या निकालानुसार, विम्याने मिटवलेल्या बिलापोटी प्रत्यक्षात चुकवलेलीच रक्कम मागता येते, छापील आकडा नाही. त्यातही आरोग्य विमा कंपनीने किंवा मेडिकेअर, मेडि-कॅल या सरकारी आरोग्य योजनांनी उपचारांवर खर्च केला असेल, तर मिळालेल्या भरपाईतून आपला वाटा परत मागण्याचा हक्क त्यांना असू शकतो. हे पत्र निवाड्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी घरी येते आणि जिंकलेल्याचा चेहरा उतरतो. म्हणून ही चौकशी दावा लावण्यापूर्वीच करावी.

दुसरा भाग वेदना, झोपमोड, मुलाला उचलून घेता न येणे, रद्द झालेला प्रवास अशा गोष्टींचा. त्याचे कोष्टक कायद्यात नाही. विमा व्यवसायात वैद्यकीय खर्चाला दीड, दोन किंवा तीनने गुणण्याचा प्रघात आहे. तो न्यायाधीशावर बंधनकारक नाही आणि त्याच्यापुढे तो आकडेमोडीसारखा मांडल्यास उलटा परिणाम होतो. त्यापेक्षा सहा आठवड्यांची साधी दैनंदिनी बोलकी ठरते: कोणत्या दिवशी किती वेळ बसता आले, कोणती गोळी घेतली, कोणते काम दुसऱ्याकडून करून घ्यावे लागले.

समजा, फ्रीमाँटमध्ये सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून धडक बसली आणि चालकाची मान लचकली. विम्याने आणि चालकाने मिळून प्रत्यक्ष चुकवलेला वैद्यकीय खर्च २,९०० डॉलर, बुडालेला पगार १,४४०, औषधे आणि प्रवास १६०; बेरीज ४,५००. दोन महिन्यांच्या वेदनांचे ४,००० धरले तर दावा ८,५०० डॉलरचा होतो. आपल्या गाडीचे मागचे दिवे बंद होते हे निघाले आणि न्यायाधीशाने २० टक्के चूक वादीची धरली, तर हाती ६,८०० येतील. मर्यादेच्या बऱ्याच आत बसणारा, कागदांनी भरलेला आणि बऱ्या झालेल्या इजेचा हा दावा याच कोर्टासाठी आहे.

मुदत

शारीरिक इजेच्या दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे, गाडीच्या नुकसानीची तीन वर्षे. धडक शहराच्या बसने किंवा काउंटीच्या ट्रकने दिली असेल, तर हिशोब बदलतो: सहा महिन्यांच्या आत त्या सरकारी संस्थेकडे लेखी मागणी नोंदवावी लागते. मागणीवर निर्णय घ्यायला संस्थेला ४५ दिवस असतात आणि ती फेटाळली गेल्यावरच दावा लावता येतो; त्या मुदतीत उत्तर आले नाही तर मागणी फेटाळली असेच धरतात. लेखी नकार आला तर दावा सहा महिन्यांत लावावा लागतो. ही पायरी चुकवलेले दावे कितीही खरे असले तरी दारातून परत जातात. अल्पवयीन जखमीची दोन वर्षे तो १८ वर्षांचा झाल्यावर मोजतात, पण सरकारी संस्थेकडच्या मागणीसाठी ती सवलत गृहीत धरू नये. मुलाच्या वतीने दावा चालवायला कोर्टाने नेमलेला पालक लागतो आणि तडजोडीलाही कोर्टाची मंजुरी घ्यावी लागते.

अपघाताच्या पहिल्याच दिवसांत करायच्या दोन गोष्टी पुढे पुरावा म्हणून उभ्या राहतात. कोणी जखमी झाले असेल तर २४ तासांत पोलिसांकडे किंवा हायवे पेट्रोलकडे लेखी वर्दी द्यायची आणि दहा दिवसांत एसआर-१ हा फॉर्म मोटार वाहन विभाग म्हणजे डीएमव्हीकडे भरायचा. दुसरी गोष्ट डॉक्टर. अपघातानंतर तीन आठवडे अंगावर काढून मग दवाखान्यात गेलेल्या माणसाची मान धडकेमुळे दुखली की घर बदलताना खोकी उचलल्यामुळे, असा प्रश्न प्रतिवादी विचारणारच, आणि न्यायाधीशालाही तो योग्य वाटेल.

मागणीपत्र ते समन्स

दावा लावण्यापूर्वी पैसे मागितले होते का, असा प्रश्न एससी-१०० या दाव्याच्या फॉर्मवर छापलेला असतो. म्हणून आधी मागणीपत्र. ते ड्रायव्हरला आणि त्याच्या विमा कंपनीच्या अ‍ॅडजस्टरला पाठवावे: अपघाताची तारीख व जागा, चूक कशी, इजा कोणती, खर्चाचा तक्ता, मागणीची रक्कम आणि उत्तरासाठी दोन-तीन आठवड्यांची मुदत. पत्रात राग नसावा. पुढे हेच पत्र न्यायाधीशाच्या हातात जाणार असते. बरेच दावे इथेच मिटतात, कारण बचावाला वकील पाठवता येणार नाही हे अ‍ॅडजस्टरला ठाऊक असते. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियातला किमान सक्तीचा विमा एका जखमीसाठी ३०,००० आणि एका अपघातासाठी ६०,००० डॉलर झाला. १९६७ पासून हे आकडे १५,००० आणि ३०,००० होते. स्मॉल क्लेम्सचा दावा त्यात आरामात बसतो. समोरच्याकडे विमाच नसेल तर आपल्या पॉलिसीतले ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ संरक्षण पाहावे; तिथले वाद कोर्टात न जाता लवादापुढे जातात.

दावा अपघात घडला त्या किंवा प्रतिवादी राहतो त्या काउंटीत लागतो. चालक आणि गाडीचा नोंदणीकृत मालक वेगळे असतील तर दोघांची नावे घालावीत, कारण परवानगीने दिलेल्या गाडीसाठी मालकही ठरावीक रकमेपर्यंत जबाबदार असतो. चालक नोकरीच्या कामावर असेल तर नोकरी देणाराही. फी दाव्याच्या रकमेनुसार: १,५०० डॉलरपर्यंत ३०, ५,००० पर्यंत ५० आणि त्यापुढे ७५ डॉलर. कमी उत्पन्न असलेल्याला फीमाफी मागता येते. प्रत्येक काउंटीत स्मॉल क्लेम्स सल्लागाराची मोफत सेवा असते. ती न वापरणे म्हणजे हातातली मदत वाया घालवणे.

सुनावणीची तारीख साधारण २० ते ७० दिवसांच्या आतली मिळते. समन्स वादीने स्वतः देऊन चालत नाही. १८ वर्षांवरील, प्रकरणाशी संबंध नसलेली व्यक्ती, शेरीफ किंवा समन्स बजावणाऱ्या व्यावसायिकाकरवी ते द्यावे लागते: प्रतिवादी त्याच काउंटीत राहत असेल तर सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी, बाहेरचा असेल तर २० दिवस आधी. कोर्टातर्फे टपालानेही पाठवता येते, पण प्रतिवादीने सही केली नाही तर ती बजावणी धरत नाहीत. एरवी दुसऱ्या राज्यातल्या माणसावर इथे दावा लागत नाही. रस्ते अपघात मात्र अपवाद आहे: नेवाडाचा चालक कॅलिफोर्नियात धडकला तर त्याला कॅलिफोर्नियाच्याच कोर्टात, डीएमव्हीमार्फत बजावणी करून, उभे करता येते.

सुनावणी

सुनावणी सहसा पंधरा-वीस मिनिटांत संपते. पुराव्याचे औपचारिक नियम इथे शिथिल असतात आणि ऐकीव माहितीही न्यायाधीश विचारात घेऊ शकतो, हे १९९३ च्या हूटलिंग प्रकरणात अपील न्यायालयाने स्पष्ट केले. त्याचा मोठा फायदा वैद्यकीय पुराव्यात होतो. डॉक्टरला कोर्टात आणण्याचा खर्च दाव्याहून जास्त झाला असता. इथे त्याचे सहीचे पत्र चालते. त्या पत्रात निदान, उपचारांचा कालावधी, आजची स्थिती आणि मुख्य म्हणजे ही इजा अमुक तारखेच्या अपघातामुळे झाली असे डॉक्टरचे मत असायला हवे. नुसत्या बिलांच्या जाडजूड गठ्ठ्यात हे शेवटचे वाक्य नसेल तर दावा लंगडा पडतो.

बोलायची सुरुवात निष्कर्षापासून करावी: कोणी, कुठे, कशी धडक दिली आणि किती रक्कम हवी. मग रस्त्याचा आराखडा, फोटो, पोलीस अहवाल, साक्षीदार, शेवटी हिशोबाचा एकपानी तक्ता. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती असाव्यात. न्यायाधीशाच्या खुर्चीवर अनेकदा तात्पुरते नेमलेले वकील असतात. नियमित न्यायाधीश हवा असल्यास पक्षकाराला तसे सांगता येते, तारीख मात्र पुढे जाऊ शकते. प्रतिवादी उलट दावाही लावू शकतो. चूक वादीचीच होती असे त्याला वाटत असेल तर तो हमखास लावतो.

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी कुटुंबांना दोन गोष्टी उपयोगाच्या आहेत. दावा लावायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागत नाही; विद्यार्थी, एच-१बी वरचा नोकरदार किंवा पर्यटक व्हिसावर आलेले आईवडील, कोणालाही तो लावता येतो. इंग्रजीत बोलणे जड जाणाऱ्याला कोर्टाकडे दुभाषा मागता येतो. मराठीचा दुभाषा लगेच मिळेलच असे नाही, म्हणून मागणी तारीख मिळताच नोंदवावी. आईवडील परत पुण्याला गेले की अडचण सुरू होते, कारण वादीने स्वतः हजर राहणे अपेक्षित असते. व्हिडिओवरून हजेरीची सोय अनेक कोर्टांत आहे, तरी मुक्काम संपण्यापूर्वी सुनावणी होईल असे पाहणे बरे.

निवाडा, अपील आणि वसुली

निवाडा बहुतेकदा जागेवर न सांगता टपालाने येतो. प्रतिवादी गैरहजर राहिला तरी वादीला इजा आणि रक्कम सिद्ध करावीच लागते. हरलेल्या प्रतिवादीला ३० दिवसांत अपील करता येते आणि अपिलात सगळा खटला नव्या न्यायाधीशापुढे पुन्हा पहिल्यापासून चालतो. विमा कंपनीच्या हिताची तरतूद ती हीच: रक्कम २,५०० डॉलरहून जास्त असेल आणि पॉलिसी या प्रकरणाला लागू आहे असे कंपनी मान्य करत असेल, तर अपील कंपनीच करू शकते. त्या सुनावणीत वकील चालतात. पहिल्या फेरीत वकिलाविना हरलेली कंपनी दुसऱ्या फेरीत अनुभवी वकील आणते आणि वादी तेच फोटो घेऊन पुन्हा उभा राहतो. कंपनीच्या मान्यतेतून वादीलाही एक लाभ होतो: पॉलिसी लागू असल्याचे लेखी ठरल्यावर पैसे कोण देणार हा प्रश्न मिटतो.

या कोर्टाने चुकीबद्दल काढलेला निष्कर्ष त्याच अपघातातून उद्भवलेल्या दुसऱ्या, मोठ्या दाव्यात बंधनकारक नसतो, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ मध्ये सँडरसन विरुद्ध नीमन या मोटार अपघाताच्याच खटल्यात ठरवले. वीस मिनिटांच्या, वकिलाविना चाललेल्या सुनावणीवर लाखो डॉलरचा निकाल टेकवू नये, हा विचार त्यामागे आहे आणि तो रास्त आहे.

विमा असेल तर धनादेश काही आठवड्यांत येतो. नसेल तर वसुलीचे काम वादीचे. कोर्ट ते करून देत नाही. पगारावर जप्ती, बँक खात्यावर जप्ती, घरावर बोजा हे मार्ग आहेत. प्रतिवादीने आपल्या मालमत्तेची माहिती देणारा फॉर्म भरायचा असतो. अपघाताच्या निवाड्याला एक खास हत्यार मिळालेले आहे: निवाड्याची रक्कम थकवणाऱ्या चालकाचा परवाना वादीच्या अर्जावरून डीएमव्ही निलंबित करू शकते. गाडीशिवाय कामावर जाता येत नाही अशा राज्यात याचा धाक पगारजप्तीहून मोठा असतो आणि हप्त्याने का होईना, पैसे येऊ लागतात. निवाड्यावर वर्षाला १० टक्के व्याज चढते. तो दहा वर्षे टिकतो आणि मुदतीपूर्वी नूतनीकरण करता येते. पूर्ण रक्कम मिळाल्यावर वादीने तसे कोर्टात नोंदवायचे असते. प्रतिवादीने लेखी मागणी केल्यावरही १४ दिवसांत ही नोंद केली नाही, तर त्याचे झालेले नुकसान आणि वर ५० डॉलर जिंकलेल्या वादीलाच भरावे लागतात.